मेलने दाखवलेली वाट: ईमेल फिशिंग ओळखायची आणि अडवायची पद्धत

असं समजा, महिन्याची २८ तारीख आहे, दुपारचे साडेचार वाजलेत. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात अकाउंटंट पेमेंटची यादी संपवत बसलेत. पिग आयर्न देणाऱ्या नेहमीच्या पार्टीचा मेल येतो. मजकूर दोन ओळींचा: आमच्या जुन्या खात्याचं ऑडिट सुरू आहे, तेव्हा या बिलाचे पैसे सोबतच्या पत्रातल्या नव्या खात्यावर पाठवावेत. खाली मागच्या आठवड्यातला खरा पत्रव्यवहार जोडलेला. बिलाचा नंबर बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर, लेटरहेडवर शिक्का आणि सही. पत्त्यात मात्र कंपनीच्या नावातला ‘एम’ हा एम नसून ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन छोटी इंग्रजी अक्षरं चिकटून बसलेली आहेत.

ते कुणाच्या लक्षात येणार? डोळा अक्षरं वाचत नाही, ओळखीच्या शब्दाचा आकार बघतो आणि पुढे जातो. म्हणूनच फिशिंगच्या, म्हणजे ओळखीच्या नावाने पैसे किंवा पासवर्ड काढून घेणाऱ्या मेलबद्दलचा ‘भाषा चुकलेली असते, त्यावरून ओळखा’ हा जुना सल्ला आता सोडून दिला पाहिजे. भाषा सुधारून देणारी साधनं आज फसवणाऱ्यांच्याही हातात आहेत आणि शुद्ध मराठीतले मेलही येऊ लागले आहेत.

दुसरा गैरसमज असा की, कॉम्प्युटर न कळणारेच गळाला लागतात. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या निवडणूक मोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने एक मेल आला. तुमचा पासवर्ड कुणालातरी कळलाय, लगेच बदला, असा मजकूर आणि खाली बटण. त्यांच्या ऑफिसने तो तांत्रिक मदत करणाऱ्या माणसाला दाखवला. त्याने उत्तरात मेल खरा असल्याचं लिहिलं, पण पासवर्ड बदलण्यासाठी गूगलचा खरा पत्ताही दिला. तरीही मूळ मेलमधल्या बटणावरच क्लिक झालं आणि सगळी मेलपेटी बाहेर गेली. योग्य पत्ता हातात होता, पण हात मेलमधल्या बटणाकडेच गेला.

पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं: मेलने दाखवलेल्या वाटेने जायचं नाही. मेल खरा वाटो की खोटा, बँकेत जायचं ते स्वतः टाइप केलेल्या पत्त्यावरून आणि पार्टीशी बोलायचं ते आपल्या वहीतल्या नंबरवर. मेल ओळखायच्या खुणा पुढे सांगितल्या आहेत आणि त्या उपयोगी आहेत, पण त्या चुकू शकतात. ही सवय मात्र तुमची ओळख चुकली तरी वाचवते.

आपण कुठे कच्चे आहोत, ते आधी बघा

माणूस सापडतो तो मेल त्या क्षणीच्या कामाशी जुळला म्हणून. रिफंडची वाट बघत असताना रिफंडचा मेल आला, कुरिअर येणार असताना कुरिअरचा आला, बिल द्यायचं असताना बिलाचा आला, तर शंका यायला जागाच उरत नाही. त्यात घाई आणि फोनचा छोटा पडदा. फोनवरच्या मेल ॲपमध्ये बहुतेक वेळा पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, पत्ता दिसत नाही. नाव तर कुणीही काहीही ठेवू शकतो. त्यामुळे एकच माणूस सकाळी कॉम्प्युटरवर सावध असतो आणि संध्याकाळी केएमटीच्या बसमध्ये उभ्याने मेल बघताना फसतो.

स्वतःला चार प्रश्न विचारा. आपल्या बँकेच्या वेबसाइटचा पत्ता न बघता अक्षर न अक्षर सांगता येतो का? मेलचा पासवर्ड फक्त मेलसाठीच वापरलाय का? शेवटच्या पाच मेलपैकी एकाचा तरी पूर्ण पत्ता पाहिला होता का? आणि आत्ता पासवर्ड चोरीला गेला, तर पहिला फोन कुणाला करायचा ते ठरलंय का? दोन उत्तरं ‘नाही’ आली, तर पुढची अर्धा तासाची कामं आजच करून टाका.

पाठवणारा कोण, हे बघताना

जीमेल कॉम्प्युटरवर उघडलं असेल, तर पाठवणाऱ्याच्या नावाखाली ‘टू मी’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी छोटा बाण असतो. तो दाबला की खालची चौकट उघडते. त्यात तीन ओळी वाचायच्या. ‘फ्रॉम’मध्ये टोकदार कंसातला पूर्ण पत्ता. ‘रिप्लाय-टू’ ही ओळ असेल तर तिथला पत्ता, कारण मेल एका पत्त्यावरून आणि उत्तर भलत्याच पत्त्यावर जाणार असेल तर थांबायलाच हवं. तिसरी ‘साइन्ड-बाय’, म्हणजे कुठल्या डोमेनने (पत्त्यात ‘ॲट’च्या पुढे असतं त्या नावाने) मेलवर डिजिटल सही केली आहे. बँकेच्या नावाचा मेल आणि सही अनोळखी डोमेनची, असं दिसलं तर तिथेच सोडा. फोनवरही नावाखालच्या ‘टू मी’वर बोट ठेवलं की तपशील दिसतो.

आणखी खोलात जायचं असेल, तर मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ निवडा. हे कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये मिळतं. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्या डोमेनच्या तीन तपासण्यांपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेलं असतं. ‘फेल’ असेल तर संशयाला भक्कम आधार मिळाला. ‘पास’ असेल तर एवढंच सिद्ध होतं की, मेल त्या डोमेनवरूनच निघालाय. फसवणाऱ्याने आर-एनवालं डोमेन स्वतःच्या पैशाने विकत घेतलं असेल, तर त्यालाही ‘पास’च मिळतो. इथे जाणकार माणसंही गडबडतात.

लिंक वाचायची कशी

हे नीट शिकून घ्या, बाकी सगळ्या खुणांपेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

कॉम्प्युटरवर लिंकवर क्लिक न करता फक्त माउसचा बाण नेऊन ठेवला की पडद्याच्या डाव्या तळाशी खरा पत्ता दिसतो. फोनवर लिंकवर बोट दाबून धरायचं, पत्ता दाखवणारी चौकट येते. मग पत्ता असा वाचा:

१. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यामागच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या.

२. त्यानंतर येणारी पहिली एकेरी तिरपी रेघ शोधा. तिच्या उजवीकडचं सगळं सध्या विसरा.

३. त्या रेघेपासून डावीकडे, म्हणजे उलटं वाचत या. शेवटचे दोन तुकडे हे मालकाचं नाव. शेवट ‘को डॉट इन’, ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘बँक डॉट इन’ असा असेल, तर शेवटचे तीन.

समजा पत्ता आहे: इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन डॉट रिफंड-तपासा डॉट टॉप, मग तिरपी रेघ. वरवर आयकर खात्याचा दिसतो. उलटं वाचलं की मालक निघतो ‘रिफंड-तपासा डॉट टॉप’. त्याच्या डावीकडे मालक काहीही लिहू शकतो, ती त्याची खासगी जागा आहे. टपालाच्या पत्त्यात वर कोल्हापूरच्या ‘महाद्वार रोड’चं नाव लिहिलं आणि शेवटच्या ओळीत गाव सुरत लिहिलं, तर पोस्टमन पत्र सुरतेलाच नेणार. इथेही गाव शेवटी असतं.

काही डाव यातूनही सुटतात. पत्त्यात मधेच ‘ॲट’चं चिन्ह असेल, तर पहिल्या तिरप्या रेघेआधीचं त्या चिन्हाच्या डावीकडचं सगळं ब्राउझर बाजूला टाकतो आणि उजवीकडच्या साइटवर जातो. आखूड केलेल्या लिंकमध्ये मालक दिसतच नाही. क्यूआर कोड तर डोळ्याने वाचताच येत नाही आणि मेलमध्ये तो टाकण्यामागे बहुधा हाच हेतू असतो: कॉम्प्युटरवरचं संरक्षण चुकवून तुम्हाला फोनवर न्यायचं. या तिन्हींसाठी नियम सरळ ठेवा, कामाच्या मेलमधून त्यांवर जायचं नाही.

कुलपाच्या चित्रावर तर अजिबात विसंबू नका. ते फक्त सांगत होतं की, तुमच्यातला आणि त्या साइटमधला संवाद मधे कुणी वाचत नाही. साइट चोराची असेल तर तुमचा पासवर्ड चोरापर्यंत सुरक्षित पोचतो, इतकंच. लोकांचा हा गैरसमज इतका पक्का होता की, गूगलने २०२३ मध्ये क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून कुलूप काढूनच टाकलं.

बँकांच्या बाबतीत एक गोष्ट आता सोपी झाली आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या बँकांना आपल्या साइट ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर न्यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा शेवट बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. आपल्या गल्लीतली सहकारी बँक असो की मोठी राष्ट्रीयीकृत, लॉगिनच्या पानाचा शेवट असा आहे का ते बघा. नसेल तर पासवर्ड टाकण्याआधी शाखेत फोन करून विचारा.

अटॅचमेंट

खरेदीची चौकशी म्हणून आलेली झिप फाइल ही आपल्या कोल्हापूर भागातल्या धंद्यांना हमखास येणारी गोष्ट आहे. हुपरीत चांदीच्या दागिन्यांची, इचलकरंजीत कापडाची, गोकुळ शिरगावात कास्टिंगची. ‘परचेस ऑर्डर जोडली आहे, भाव कळवा’ एवढाच मजकूर. नवा ग्राहक कोण सोडणार? म्हणून अशी फाइल उघडायची पद्धत ठरवून ठेवा.

विंडोज ओळखीच्या फाइलींच्या नावाचं शेपूट लपवतं. त्यामुळे ‘ऑर्डर डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘ऑर्डर डॉट पीडीएफ’ दिसते आणि चित्रही पीडीएफचं लावलेलं असतं. फाइल एक्सप्लोरर उघडा, ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. हे विंडोज ११ मधलं. १० मध्ये ‘व्ह्यू’च्या पट्टीतच चौकोन आहे. ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर हे एकदा करून ठेवा.

शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ असलेली फाइल मेलमधून उघडायची नाही, कुणाकडूनही आलेली असो. पासवर्ड लावलेली झिप आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये, ही जोडी दिसली की समजा, मेलवरच्या व्हायरस तपासणीला आत बघता येऊ नये म्हणून तसं केलंय. एक्सेल किंवा वर्डची फाइल ‘एनेबल कन्टेन्ट’ दाबा असं सांगत असेल, तर बंद करा. त्याने मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आतला छोटा प्रोग्राम, चालू होतो आणि भाव बघायला मॅक्रो लागत नाही.

एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या, फाइलकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, तिची मला जास्त धास्ती वाटते. ती उघडली की ब्राउझरमध्ये मेलच्या लॉगिनचं हुबेहूब पान दिसतं आणि त्यात तुमचा मेल पत्ता आधीच भरलेला असतो. वर पत्त्याच्या पट्टीत मात्र वेबसाइट नसून आपल्याच कॉम्प्युटरवरच्या फाइलचं ठिकाण असतं, त्यामुळे लिंक तपासायची वरची पद्धत इथे लागूच पडत नाही. फाइल बघण्यासाठी कुणीही मेलचा पासवर्ड मागत असेल, तर ती फाइल बघायची गरज नाही.

पीडीएफसारख्या साध्या फाइलीही शक्यतो मेलमधल्याच ‘प्रिव्ह्यू’मध्ये बघा, डाउनलोड करू नका. नोकरीच्या अर्जांनाही हेच लागू. २०१६ साली बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले, त्या हल्ल्याआधी बँकेतल्या कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अर्जाचे मेल आले होते आणि बायोडेटा लिंकवर होता.

नेहमी येणारे मेल आणि त्यांची खरी वाट

आयकराची नोटीस. खरी नोटीस पोर्टलवर दिसतेच. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर डीआयएन हा ओळख क्रमांक असतो. ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ स्वतः टाइप करा आणि पहिल्या पानावरच्या ‘ऑथेन्टिकेट नोटीस’च्या सोयीत तो क्रमांक घाला, लॉगिनही लागत नाही. रिफंडसाठी बँक खातं पोर्टलवर आधीच नोंदवलेलं असतं. मेलमधून कार्डाचा नंबर, पिन किंवा पासवर्ड आयकर खातं मागत नाही. ई-पॅन डाउनलोड करा म्हणून फिरणारे मेल याच जातीचे.

जीएसटीची नोटीस आली असं वाटलं, तर आपल्या लॉगिनमध्ये जाऊन बघा किंवा कर सल्लागारांना विचारा. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांच्या, नोंदणीचं ‘नूतनीकरण शुल्क’ मागणारा मेल सरळ कचऱ्यात टाका, ती नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे.

‘तुमची मेलपेटी भरली आहे, २४ तासांत बंद होईल.’ हा मेल कॉलेजातल्या आणि ऑफिसातल्या मेलवर फार येतो. जागा किती उरली, ते मेलच्या सेटिंगमध्ये दिसतं. चपला किंवा गूळ ऑनलाइन विकणाऱ्यांना ‘तुमचं पेमेंट अडवून ठेवलंय’ असा मेल येतो. त्याचं उत्तर विक्रेत्याच्या डॅशबोर्डवर, म्हणजे नेहमीच्या ॲपमध्ये शोधायचं.

आणि ‘हे ॲप तुमचे मेल वाचू इच्छिते, परवानगी द्या’ असं खऱ्या गूगलच्या पानावर दिसलं तरी थांबा. यात पासवर्ड मागितलाच जात नाही, पत्ताही खरा असतो. परवानगी दिली की ते ॲप तुमची पेटी वाचत राहतं आणि नुसता पासवर्ड बदलून त्याचा हात सुटेलच असं नाही. गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ विभागात जाऊन त्या ॲपची परवानगी काढावी लागते.

बँक खातं बदलल्याचा मेल

सुरुवातीच्या मेलकडे परत येऊ, कारण कारखानदारी आणि व्यापारात सर्वांत मोठ्या रकमा याच वाटेने जातात. लिथुआनियातल्या एका माणसाने एका तैवानी पुरवठादाराच्या नावाची खोटी बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली होती आणि २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. एवढ्या मोठ्या कंपन्यांचे पेमेंट विभाग यात अडकले, तर आपल्या ऑफिसाने लाजायचं कारण नाही. लाज बाजूला ठेवून पद्धत बसवायची.

मागचा पत्रव्यवहार खाली खराखुरा जोडलेला असतो, त्याचा अर्थ दोघांपैकी एकाची मेलपेटी आधीच फुटलेली आहे. चोर आत बसून आठवडेच्या आठवडे वाचत राहतो आणि मोठ्या बिलाची वाट बघतो. म्हणून त्या मेलला ‘रिप्लाय’ करून ‘हे खातं तुमचंच ना?’ असं विचारण्याचा काही उपयोग नसतो, उत्तर चोरच देतो. मेलच्या खाली लिहिलेल्या नंबरवर फोन केला तरी तोच उचलू शकतो.

दुसरा गैरसमज बँकेबद्दलचा. आरटीजीएस किंवा एनईएफटी करताना लाभार्थीचं नाव आपण भरतो, पण पैसे जमा होतात ते खातेक्रमांक आणि आयएफएससीवर. नाव चुकलं तर पैसे परत येतील, या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांना नाव पडताळायची सोय द्यायला सांगितलं आहे. लाभार्थी जोडताना ती वापरा, समोर आलेलं नाव बिलावरच्या नावाशी अक्षरशः जुळवा आणि जुळलं नाही तर तिथेच थांबा.

ऑफिसात हे चार नियम कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या:

१. कुठल्याही पार्टीचं खातं मेलवरून बदलायचं नाही. जुन्या बिलावरच्या किंवा आपल्या वहीतल्या नंबरवर फोन करायचा आणि तिथल्या ओळखीच्या माणसाकडून खातेक्रमांकाचे शेवटचे चार आकडे त्याच्या तोंडून घ्यायचे. आपण वाचून ‘बरोबर ना?’ विचारायचं नाही.

२. फोन कुणी केला, कुणाशी बोलणं झालं, किती वाजता, हे बिलावर पेनाने लिहायचं.

३. लाभार्थी एकाने जोडायचा, पेमेंट दुसऱ्याने मंजूर करायचं. इंटरनेट बँकिंगमध्ये ही मेकर-चेकरची सोय बँक करून देते. दोघांचे पासवर्ड एकाच डायरीत असतील तर ही सोय असून नसल्यासारखी.

४. नव्या खात्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण रक्कम नाही. थोडी रक्कम पाठवायची, पार्टीने फोनवर जमा झाल्याचं सांगितलं की बाकीची दुसऱ्या दिवशी.

मालकांच्या नावाने ‘मी मीटिंगमध्ये आहे, हे पेमेंट लगेच करा, फोन करू नका’ असा मेल आला, तर फोन करायचाच. यासाठी मालकांनी आधीच सगळ्यांसमोर सांगून ठेवायला हवं की, पडताळणीला फोन केला म्हणून कुणाला बोलणी बसणार नाहीत. हे न सांगितलेल्या ऑफिसात बाकीचे नियम टिकत नाहीत, कारण हाताखालचा माणूस साहेबांना उलट विचारायला कचरतो आणि चोर नेमकं तेच वापरतो. बाहेरगावच्या पार्टीला ‘अण्णा, रागावू नका, एकदा खात्री करून घेतो’ म्हणण्यात काही कमीपणा नाही.

अर्ध्या तासाची तयारी

सगळ्यात आधी मेलचं खातं. त्या एका पेटीतून बाकी सगळे पासवर्ड बदलता येतात, म्हणून त्याचा पासवर्ड कुठेही दुसरीकडे नको. लांब ठेवा, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द चालतील. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर त्याची एक खूण ओळखून ठेवा: रोज आपोआप पासवर्ड भरणारा मॅनेजर एखाद्या दिवशी भरत नसेल, तर पत्ता वेगळा असू शकतो. हाताने भरायला जाऊ नका, आधी पत्ता वाचा.

मग दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. ओटीपीवाली पद्धत काहीच नसण्यापेक्षा चांगली, पण खोट्या पानावर टाकलेला ओटीपी चोर त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकतो. पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा कॉम्प्युटरच्या लॉकने लॉगिन करायची सोय) किंवा यूएसबीची सुरक्षा किल्ली त्या खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते. खोट्या साइटवर ती चालतच नाही, माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. जमत असेल तर निदान मालकांच्या आणि अकाउंटच्या मेलवर पासकी लावाच. गूगल देतं ते १० बॅकअप कोड कागदावर छापून तिजोरीत ठेवा.

बँक, आयकर, जीएसटी आणि मेल या चार साइटचे पत्ते स्वतः तपासून बुकमार्क करा आणि पुढे तिथूनच जा. रोजच्या कामासाठी विंडोजमध्ये ॲडमिन नसलेलं खातं वापरा. टॅलीचा बॅकअप रोज मशीनपासून सोडवून ठेवलेल्या ड्राइव्हवर घ्या. कंपनीचं स्वतःचं डोमेन असेल, तर ते सांभाळणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावायला सांगा. डीमार्क आधी नुसतं बघण्याच्या पातळीवर, आपले सगळे मेल ‘पास’ होतायत याची खात्री झाली की नाकारण्याच्या पातळीवर. त्याने तुमचं डोमेन वापरून दुसऱ्यांना फसवणं अवघड होतं.

चूक झालीच, तर

नुसती लिंक उघडली आणि काही भरलं नाही, तर पान बंद करा, ब्राउझर अद्ययावत करा, काही डाउनलोड झालंय का ते बघा. घाबरायचं कारण सहसा नसतं.

फाइल उघडली असेल, तर त्या मशीनचं नेटवर्क तोडा, केबल काढा किंवा वायफाय बंद करा. त्याच मशीनवरून पासवर्ड बदलू नका. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला आणि जाणकाराला दाखवेपर्यंत त्यावर बँकेचं काम नको.

पासवर्ड दिला असेल, तर क्रम महत्त्वाचा आहे. पासवर्ड बदला, मग ‘युअर डिव्हायसेस’मध्ये जाऊन अनोळखी साधनांतून साइन-आउट करा, मग रिकव्हरीचा फोन आणि मेल आपलाच आहे ना ते बघा. त्यानंतर जीमेलच्या ‘सी ऑल सेटिंग्ज’मध्ये तीन ठिकाणं तपासा: ‘फॉरवर्डिंग’, ‘फिल्टर्स’ आणि ‘अकाउंट्स’मधला खातं वापरायची परवानगी देणारा भाग. चोर इथे ‘बँक शब्द असलेला मेल मला पाठव आणि मालकाच्या पेटीतून काढून टाक’ असा फिल्टर लावून ठेवतो. पासवर्ड बदलला तरी तो चालूच राहतो. बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत आणि महिन्याभरात परत फसतात.

पैसे गेले असतील, तर एक मिनिटही घालवू नका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि त्याच वेळी दुसऱ्याने बँकेला कळवावं. हातात हवं ते: आपला खातेक्रमांक, ज्या खात्यावर गेले त्याचा क्रमांक आणि आयएफएससी, रक्कम, वेळ आणि यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक. पैसे पुढच्या खात्यात थांबलेले असेपर्यंतच ते गोठवता येतात. आरटीजीएस आता चोवीस तास चालतं, रविवारीसुद्धा, त्यामुळे ‘सोमवारी बँकेत जाऊन बघू’ याला अर्थ राहिलेला नाही. नंतर ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर तक्रार नोंदवा आणि जवळच्या किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६सी आणि ६६डी ही कलमं यासाठीच आहेत.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं ठरवलं होतं की, अनधिकृत व्यवहारात ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. आपणच मंजूर करून पाठवलेल्या पेमेंटला हा नियम आधार देईल, असं मात्र धरून चालू नका.

मेल डिलीट करू नका, तो पुरावा आहे. ‘शो ओरिजिनल’मधून मूळ प्रत डाउनलोड करा, पत्ता आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, मग तीन ठिपक्यांतून ‘रिपोर्ट फिशिंग’ दाबा. आणि पेटी फुटल्याची खात्री झाली असेल, तर तुमची सगळी बिलं आणि सगळ्या पार्ट्यांचे पत्ते चोराच्या हातात गेलेत. ज्यांचं देणं-घेणं बाकी आहे अशांची यादी काढा आणि मेल न पाठवता एकेकाला फोन करून सांगा: आमच्या नावाने खातं बदलल्याचा मेल आला, तर पैसे सोडू नका.